कमळाबाईंची बोटं कशानं मिटली

२ नोव्हेंबर, रविवार
यंदाची घरोघर विचारत फिरायची फेरी संपली. एक्केचाळीस बाया, नववं वर्ष. प्रश्न तोच: दहा बोटांपैकी किती बोटं समाधान? शांताबाई सात. शिंप्याची फातिमाबी आठ, वर तंबी, "लिख ले, पर किसी को बताना मत." माझ्या थोरल्या जाऊबाई, कमळाबाई, दोन. तीही माझं मन राखायला. पहिल्या वर्षी आठ होती, वहीत आहे. आता दिवसभर बाजेवर, भिंतीकडे तोंड.
त्यांच्या संजूला अकोल्याला फोन केला. आईला एकदा वाशीमला मनाच्या डॉक्टरकडे दाखव म्हटलं. म्हणाला, "वय झालं काकू. या वयात असंच असते." सगळ्या दुखण्यांवर एकच चिठ्ठी, वय. बोलता बोलता भाजी करपली.

५ नोव्हें.
वही घेऊन बसले. म्हाताऱ्यांची बोटं कमी, खरं आहे. पण कशानं? म्हातारपणानं? की हा काळच असा, घरोघरची मुलं बाहेर? की आमच्या पिढीच्या बायाच अशा घडल्या, त्या सालांत जन्मल्या म्हणून? वय असेल तर संजू खरा. काळ असेल तर तरण्यांचीही बोटं उतरायला हवीत. काहींची उतरलीत. काहींची नाही. काहींची चढलीत, हे काय आता.
माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं पुस्तकं मागून मागून. इथं ते पुरत नाही. नात प्राची वाशीमला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, तिला रविवारी ये म्हटलं.

९ नोव्हें., रविवार
प्राची आली, लॅपटॉप घेऊन. तीन रकाने घातले. जन्मसाल आधार कार्डावरचं. फेरीचं साल. आणि वय, मी दर फेरीत तोंडी विचारून लिहिलेलं. अर्ध्या तासात उत्तर. वयाचा हात थोडका, काळाचा मोठा!
अंगणात जाऊन उभी राहिले. मग संजूला फोन. "वय नाही, असं कम्प्युटर म्हणते काकू?" म्हटलं हो. मग येतो म्हणाला, पुढच्या रविवारी. डॉक्टरकडे सोमवारचा नंबर लावून ठेवा. लावला.
प्राची मात्र जाताना साशंक होती. इतकं सहज उत्तर यायला नको होतं म्हणाली.

११ नोव्हें.
तिचं बोलणं डोक्यातून जाईना. वही परत चाळली.
कमळाबाई, वय साठ. पुढच्या साली साठ. त्याच्या पुढं साठ. मग एकदम पासष्ट. शांताबाई पन्नास, पन्नास, पन्नास, पंचावन्न. आमच्यात वय कोणाला ठाऊक असतं! अर्ध्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लावलेली. आणि मी, तोंडाला येईल ते लिहून घेतलं. नऊ वर्षं. प्राचीला कळवलं.

१२ नोव्हें.
प्राचीचा फोन. वयं दुरुस्त केली, फेरीच्या सालातून जन्मसाल वजा. तर यंत्रानं एक रकानाच टाकून दिला. परत कर म्हटलं. तिनं तीनदा केलं. "आजी, दोन कळले की तिसरा त्यातच आला. वेगळं काय मोजणार?"
चिडले तिच्यावर. तिचा काय दोष.
संध्याकाळपर्यंत डोक्यात घोळवलं. आमच्या मेडशीहून बस कधी निघाली, वाशीमला कधी पोचली हे कळलं की वेळ किती लागला ते वेगळं विचारावं लागत नाही. तसंच हे. कमळाबाई वर्षानं म्हाताऱ्या झाल्या की सालही वर्षानं पुढं. एकाच साली म्हातारी नि तरणी शेजारी बसवली, तर वयासोबत जन्मसालही वेगळं. एकटं वय कधी हलतच नाही. दर वेळी दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन येतं.
रविवारचं उत्तर निघालं ते फक्त चुकीच्या वयांनी. रकाने जुळत नव्हते म्हणून तर फट पडली.
प्राची म्हणते, पिढीचा काही संबंध नाही असं आपणच धरून चाललं तर बाकीचं निघतं. धरून चाललेलं तर मला संजूही सांगतो.

१४ नोव्हें.
संजूला सांगू की नको.
तो येतोय तो त्या खोट्या उत्तराच्या भरवशावर. गप्प राहिले तर जाऊबाई डॉक्टरकडे जातात. बोलले तर कदाचित नाही. एक्केचाळीस बायांनी माझ्यावर विश्वास ठेवून बोटं दाखवली, आणि मी त्यातून…
चहा दोनदा केला. दोनदा गार झाला.

१५ नोव्हें.
संजूला फोन करून सांगितलं सगळं.
"म्हणजे वयच ना काकू. मी तेच म्हणून राह्यलो होतो."
"नाई रे बाबू. मले वेगळं काढता येत नाई, तं तुले बी येत नाई. तू कायच्यावरून म्हणतं, वयच हाय म्हणून?"
मग, "पाहतो."
त्याचं पाहतो मला माहीत आहे. अंगावर आलं की तो पाहतो. नंबर मात्र मी रद्द केला नाही.

१६ नोव्हें., रविवार
आला. दुपारच्या बसनं, केळी घेऊन. आईच्या बाजेवर टेकला. मग त्यानंच विचारलं. "आई, कधीपासून वाटते असं?"
मी नऊ वर्षं किती ते विचारलं. कधीपासून, हे एकदाही नाही.
बाई वळल्या. "वावरातलं निंदणं-खुरपणं सुटलं तवापासून."
"काहून सुटलं?"
"गुडघे गेले. त्याच साली तण मारायचा फवारा आला, बायाच लागनात वावरात. अन् माह्यासंगच्या तशा बी दोघीच उरल्या होत्या. नव्या पोरी कायले निंदतात?"
एका दमात. त्यांना इतकं बोलताना मी वर्षात ऐकलं नव्हतं. संजू माझ्याकडे पाहत होता. "काकू, हे कोणत्या रकान्यात लिहिता?"
गुडघे वयाच्या, फवारा काळाच्या, पोरी पिढीच्या, अन् साल एकच.
उद्या वाशीमला डॉक्टरकडे अकराचा नंबर आहे. जायचं की नाही, ते अजून ठरलं नाही. आता आईसाठी केळं सोलतोय. त्या नको म्हणून राह्यल्या, तरी सोलतोय.