साडूपेक्षा दहा फूट उंच

४ मे, रविवार
हौशी वायरलेस क्लबची वार्षिक सभा. अपमान. साडू सगळ्यांसमोर म्हणाला की माझा आवाज हवेतून येतो तेव्हा कुणीतरी पत्र्याच्या डब्यात बसून बोलतंय असं वाटतं. सगळे हसले. सेक्रेटरी तर चष्मा काढून डोळे पुसत होता. बायकोही हसली. तिचं म्हणणं, ती दुसऱ्याच कशाला तरी हसली.

साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. हा नाद त्याला मीच लावला. परदेशातल्या माणसाशी तो पहिल्यांदा बोलला तो माझ्या सेटवरून, माझ्या खुर्चीत बसून. आता त्याच्या गच्चीवर तीस फुटी खांब, वर अँटेना, आणि त्याच अँटेनाचा हा माज.

निश्चय: माझा खांब चाळीस फुटी. २५ तारखेच्या स्पर्धेत मी लांबलांबची स्टेशनं पकडणार आणि तो हात चोळत बसणार.

६ मे
पाईप आणले. जुने आहेत, पण लोखंड ते लोखंड. क्लबचं सेफ्टीचं पुस्तकही चाळलं. म्हणे, खांब विजेच्या तारांपासून इतका लांब हवा की आडवा पडला तरी तारांना लागता कामा नये. आमच्या मागच्या गल्लीतून तारा जातात. नजरेने अंदाज घेतला. लागेल. पण माझा खांब पडणारच नाही, आणि पडलाच तर दुसऱ्या बाजूला पडेल. तिकडे लाँड्रीवाल्याची शेड आहे, ती मऊ आहे.

विमा कंपनीच्या क्लेम विभागात हयात गेली. शिडीवरून पडलेल्यांचे अर्ज रोज नामंजूर करतो. माणसं का पडतात हे मला पुस्तकाने सांगायला नको. निष्काळजीपणा.

१० मे, शनिवार
बायको म्हणते, भाऊजींकडून सेफ्टी बेल्ट आणा, त्यांच्याकडे ढीगभर आहेत. सांगितलं, त्याच्या बेल्टने वाचण्यापेक्षा पडलेलं बरं. तिने माझ्या पॉलिसीचे कागद कुठे आहेत ते विचारलं. मी सुटकेसचा पट्टा कमरेला बांधून शिडीत अडकवला. शिडी हलली की मीही हलतो. चांगली पकड आहे.

खांबाला चारी बाजूंनी ताण द्यायला स्टीलची वायर लागते म्हणे. वायर महाग. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढून घेतली. आता बायको विचारते, कपडे कुठे वाळत घालू. मोठं काम चाललेलं असताना माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

११ मे, रविवार, संध्याकाळ
उभा राहिला! बायकोला खालून वाकडा दिसतो. ती उभी होती ती जागाच चुकीची होती. अर्थिंग राहिलंय. करू सावकाश. वीज काय रोज पडते?

१३ मे
दुसरी आघाडी उघडली. दुपारी ऑफिसातून लवकर घरी आलो, बायको बाहेर होती. वीज कार्यालयाला फोन केला, तोंडावर रुमाल, आवाज जाड. साडूचा पत्ता दिला. सांगितलं की त्या घराच्या गच्चीवरचा खांब तारांना धोकादायक आहे, लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय. नाव विचारलं. म्हटलं, जागरूक नागरिक. रिसीव्हर ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की दोनदा जेवलो.

१६ मे
ताईचा फोन. बायको सगळं हसत हसत सांगत होती. साडूकडे इन्स्पेक्टर आला. टेप लावून अंतर मोजलं, अर्थिंग तपासलं, बेल्ट बघितले. मग फोटो काढले. इतरांना नमुना म्हणून दाखवणार. जाताना हात मिळवला. हे कौतुक खरं तर माझ्या फोनमुळे झालं, पण त्याची नोंद कुणी घेणार नाही.

१८ मे, रविवार
सकाळी पावसाची एक सर. गच्चीवरून केबल खिडकीतून सरळ सेटपर्यंत आणली आहे. पुस्तकात होतं की आत घेण्याआधी केबलला बाहेर खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. मी म्हटलं, उगाच हातभर केबल वाया. पाणी केबल धरून आलं, वळणं घेत थेट सेटमध्ये गेलं. सेटने एकदा खाकरल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. सेट उघडून पंख्याखाली ठेवलाय.

याला साडू जबाबदार. तो तसं बोलला नसता तर ही केबल आलीच नसती.

२० मे
इन्स्पेक्टर दारात. तक्रार केल्याबद्दल आभार मानायला आला होता! त्यांच्याकडे फोन करणाऱ्याचा नंबर दिसतो. रुमालाने नंबर झाकला जात नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायको मागे उभी होती.

पाणी प्यायला थांबला आणि खिडकीतली केबल त्याला दिसली. गच्चीवर गेला. नायलॉनची दोरी बोटाने ओढून बघितली. मग विचारलं, हे कुणी उभं केलं. मी सांगितलं, एका कंत्राटदाराने. म्हणाला, त्याला परत बोलावू नका. जाणकार माणूस आणायचा, आमच्याकडून लाइन बंद करून घ्यायची आणि मगच उतरवायचा. तोवर कुणी जवळ जायचं नाही.

बायको संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही. ताईशीही बोलली नाही. हे जास्त वाईट.

२४ मे, शनिवार, दुपार
उजव्या हाताने लिहिता येत नाही. डाव्याने लिहितोय.

खांब उतरवला नव्हता. सेट वाळला होता, उद्या स्पर्धा, एका दिवसाने काय होतंय. सकाळी वारा सुटला. गच्चीवर गेलो तर लाँड्रीच्या बाजूची दोरी तुटलेली आणि खांब तारांकडे झुकलेला. धावत जाऊन मिठी मारली. थांबला. पण मग लक्षात आलं की मी सोडला की तो जाणार, आणि धरलेला असताना तारांना टेकला तर मीही जाणार.

बायको वर आली. मला मदत करायला हात पुढे करून धावत आली. तिला ओरडून सांगितलं, "जवळ येऊ नकोस. खांबाला हात लावू नकोस. खाली जा." पंचवीस वर्षांत तिने माझं एकदाच ऐकलं ते आज. असल्या अर्जांवर मी काय शेरा मारतो ते आठवलं. त्या शेऱ्यानंतर त्यांच्या बायकांना काय मिळतं ते आठवू दिलं नाही.

तिने वीज कार्यालयाला फोन केला. मग साडूला केला. तो आधी आला. जिन्यात उभा राहिला, पुढे आला नाही. मला राग आला. वाटलं, मजा बघतोय. तो कानाला फोन लावून लाइन बंद झाल्याची खात्री करत होता. मग बेल्ट घातला, दोर टाकला, खांब बांधला, बांधलेला पुन्हा ओढून बघितला.

"साडूभाऊ, सोडा आता. मी धरलाय."

मी सोडला नाही. सोडायचा होता, पण हात उघडत नव्हते. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली. मनगट मुरगळलंय.

२५ मे, रविवार
स्पर्धा. मी भाग घेतला नाही. साडूनेही नाही, दिवसभर तो आमच्या गच्चीवर माझे पाईप सोडवत होता. मग गच्चीच्या आतल्या बाजूने, तारांपासून लांब, माझ्यासाठी एक साधी तारेची अँटेना टाकून दिली. अर्थिंग केलं, केबलला झोळ सोडला. सेट लावून मला बोलायला सांगितलं. ऐकून म्हणाला की अँटेनाचा काही दोष नव्हताच, मी माईक तोंडात घालून बोलतो. चार बोटं लांब धरावा. सभेत हेच सांगायचं होतं, लोक हसायला लागले म्हणून राहून गेलं.

त्या फोनबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. बायकोने त्याला सांगितलंय, मला माहीत आहे. हा त्याचा सूड. फार खालच्या पातळीवरचा.

१ जून, रविवार
साडूला अँटेना बदलायची होती. त्याचा नेहमीचा माणूस रजेवर. मनगट बरं आहे का विचारून म्हणाला, खाली दोर धराल का. दोर म्हणजे त्याच्या बेल्टचा. वरच्या कडीतून खाली माझ्या हातात. मला हेल्मेट दिलं, उभं कुठे राहायचं ते दाखवलं आणि वर चढला. एकदाही खाली वळून बघितलं नाही.

सूड उगवायला याहून चांगली संधी येणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं.

वरून त्याने तीनदा सांगितलं, साडूभाऊ, जरा सैल सोडा, हलता येत नाही. नाही सोडला. हाताला फोड आलेत. बायको मलम लावताना म्हणाली, एवढा आवळून कशाला धरायचा. सांगितलं, मुद्दाम.