मागच्या खिडकीतले खिळे

सर, "उत्तर माझ्याकडे मागू नकोस, लूमपाशी जाऊन उभी राहा," हे तुमचं वाक्य आज दिवसभर माझ्या डोक्यात आहे. उन्हाळ्यात बाबांच्या लूमवर सूत सारखं का तुटतं, एवढंच मी नववीत विचारलं होतं. तुम्ही चिडलात आणि कामतघरच्या त्या पत्र्याच्या वर्गातून मला पिटाळलंत. मी बाबांच्या पायात घुटमळत राहिले तेव्हा कळलं, हवा कोरडी झाली की सूत तुटतं, आणि बाबा जमिनीवर पाणी मारतात ते निव्वळ गारव्यासाठी नव्हे. धावत सांगायला आले तर तुम्ही नुसतं म्हणालात, "आता धडा उघड." तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, पण मी शिकवते ते तुमच्याच पद्धतीनं.

यंदा गंजाचा धडा आला तेव्हा मी मुलांपुढे प्रश्न टाकला. आपल्या वर्गाच्या मागच्याच खिडकीचे गज का झिजतात? पुढचे तर ठणठणीत आहेत. मुलांनी दोन्ही खिडक्यांत ओले खिळे ठेवले. मागचे एका रात्रीत तांबूस पडले. मग त्यांनी दोन्हीकडे ओला निळा लिटमस कागद टांगला, तर मागचा लाल झाला. त्या खिडकीमागे भिंत आहे आणि भिंतीमागे गोदाम. तिथे ड्रम उतरतात, कसले ते कोणी सांगत नाही. मला उत्तर दिसत होतं, पण तुमचा शिरस्ता मोडवेना. मागच्या बाकावरची मुलगी खोकत होती आणि मी तिला "निरीक्षण लिही" म्हणत होते! मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, पोर्शन संपवा. गोदामवाल्यांशी वाकडं घेऊन आपलं चालेल का?"

आज ती मुलगी खिळा बघायला खिडकीशी वाकली आणि डोळे चोळत मागे सरकली. माझा धीर सुटला. "ॲसिडची वाफ आहे. दप्तरं उचला, बाहेर चला." सर, उत्तर मी पहिल्यांदाच आधी सांगितलं.

कडुलिंबाखाली तास भरला. पोरं खूश होती. ती मुलगी तेवढी उभीच राहिली.

"मॅडम, वर्ग तर हलवला. पन आमची चाळ त्या गोदामालाच लागून हाय. आमी कुठं जायाचं?"

मी "उद्या बघू" म्हणाले. शाळा सुटल्यावर ती त्या गल्लीत वळली आणि मी रिक्षा पकडून घरी आले. तुम्ही असतात तर मला तिच्या दारात जाऊन उभं राहायला सांगितलं असतंत. म्हणून हे तुम्हाला कागदावरच सांगितलेलं बरं, इथून तुम्ही मला पिटाळू शकत नाही. सर, मला तिथे जायची भीती वाटते.