सहाचा भोंगा सहालाच

मी, हीरालाल केसरचंद संचेती, वय अडुसष्ट, धंदा जिनिंग कारखाना, राहणार जुना जालना, जिल्हा औरंगाबाद. डॉक्टरांनी माझी छाती तपासली, वकिलांनी डोके. छाती कमजोर निघाली, डोके बराबर आहे. म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. आधीची दोन्ही रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

कलम १. राहते घर, दागिने व बँकेतली ठेव पत्नी सुगनबाई हिला. चाळीस वर्षे तिने माझे बोलणे ऐकून घेतले, त्या मानाने ही मजुरी कमीच आहे.

कलम २. वाटूरचा चुलतभाऊ बन्सीलाल याला माझी छत्री. ती तो नऊ वर्षांपूर्वी घेऊन गेला आहे. आता परत मागणार नाही.

कलम ३. स्टेशनमागचा कारखाना, बॉयलर व भोंग्यासह, मुलगा दीपचंद याला, पण शर्तीवर. दीपचंद हिशेबाला माझ्यापेक्षा पक्का आहे. परवाच म्हणाला, "बाबूजी, कापसाच्या गाठीमागं मजुरी लई पडती. ठेकेदार आणू, निम्म्यात बाया देतो." हीच अक्कल मी एकदा चालवली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

सन १९४९ च्या हंगामात मी मजुरी कापली नाही, वेळ चोरली. बॉयलरवाल्या रायभानला सांगितले, संध्याकाळचा सुटीचा सहाचा भोंगा साडेसहाला वाजव. ऐंशी बायांचा अर्धा अर्धा तास, म्हणजे रोज पाच बायांचे काम फुकट. घड्याळ फक्त माझ्या खिशात होते, त्यामुळे मी खुशीत होतो. काचीगुड्याची गाडी सहाला येते, हे मात्र माझ्या ध्यानात राहिले नाही. शिट्टी ऐकून बाया माना वर करू लागल्या, तेव्हा मी बेधडक सांगितले की गाडीच लवकर येते.

जिनच्या यंत्रावर कापूस लावणारी गोपिकाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "शेठ, गाडी उशिरा येती हे आयकलं व्हतं. रोज लवकर येती हे पहिल्यांदाच आयकून राह्यले."

दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तशा ऐंशी बाया लुगड्यावरचा कापूस झटकून चालत्या झाल्या आणि तीन दिवस फिरकल्या नाहीत. कापसाच्या बैलगाड्या माझ्या फाटकावरून वळून दुसऱ्यांकडे गेल्या. चौथ्या दिवशी मी गोपिकाबाईच्या दारात गेलो आणि चोरलेल्या प्रत्येक अर्ध्या तासाची मजुरी सगळ्यांना चुकती केली. लाज वाटली, अजूनही वाटते.

पुढच्या साली मजुरी वाढवली. गाठीमागे चार आणे खर्च चढला, पण त्याच बाया टिकल्या, हात बसला, आणि कापसातल्या कचऱ्यापायी व्यापारी भावात जी कपात करीत ती रुपयाने उतरली. ठेकेदाराच्या बाया दर महिन्याला नव्या येतील. दीपचंदने हाही हिशेब करून पाहावा.

शर्त अशी: ठेकेदार आणू नये, आणि भोंगा स्टेशनच्या घड्याळाबरोबर सहालाच वाजावा. शर्त मोडल्यास कारखाना सुगनबाईच्या नावे व्हावा.

कलम ४. माझे खिशातले घड्याळ गोपिकाबाई हिला. (हे कलम रद्द.)

रद्द का, तेही लिहितो. बाईला साक्षीला बोलावले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये. दोन्हींतले एक निवडा. बाईने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"घड्याळ मागं-पुढं करता येतं, शेठ. तुमीच करून दावलं. मला अंगठा लावू द्या. उद्या दीपचंदशेठ म्हणले, बापानं असं लिहिलंच न्हाई, मंग सांगायला मी हाय."

हे ऐकून मला जेवढे निश्चिंत वाटले, तेवढे वकिलांच्या सगळ्या कलमांनी वाटले नव्हते.

सही: हीरालाल केसरचंद संचेती
साक्षीदार: १. बद्रीनाथ देशपांडे, वकील (सही)
२. गोपिकाबाई मच्छिंद्र खरात (डाव्या हाताचा अंगठा)
जालना, ता. १२ फेब्रुवारी १९५८

ता. क. अंगठा उठला आणि भोंगा वाजला. मी बाईला म्हणालो, बसा, एकदा सगळे वाचून दाखवतो. बाई म्हणाली, "सहा वाजले, शेठ," आणि गेली.