सहा कोनांचे खडे

प्रिय दादा,

गेल्या महिन्यातल्या एका सकाळी मी स्वतःची लघवी एका बाटलीत भरली, बाटलीला दोन पिशव्या गुंडाळल्या आणि जेवणाच्या डब्याशेजारी ठेवून कामाला निघालो. आता हसून घे, मी थांबतो. बसमध्ये उभं राहावं लागलं. बसलेल्या एका गृहस्थाने माझी पिशवी मांडीवर घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, नको, नाजूक वस्तू आहे. तो म्हणाला, "अंडी का?" मी हो म्हणून मोकळा झालो. मग मी उतरेपर्यंत तो भला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत राहिला, "जरा जपून हो, काकांकडे अंडी आहेत!" देवापुढे हात जोडून घराबाहेर पडलेला मी पहिल्याच थांब्यावर खोटं बोललो, आणि तेही कशापायी! पण त्या सकाळी पुढे जे पाहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोनवर सांगता येत नाही. बोलणं तुझ्या दुखण्याकडे वळतंय असं दिसलं की तुला तुझ्या ट्रकमागच्या गाडीचे हॉर्न ऐकू येतात आणि फोन बंद होतो. शिवाय मी शब्द दिलेला आहे. मागच्या ऑपरेशननंतर दवाखान्याच्या जिन्यात बसून तू माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालास, "पुन्हा या मुतखड्यासाठी मला कुठल्या डॉक्टरपुढे उभं करायचं नाही. कुणापाशी विषयसुद्धा काढायचा नाही. घे शपथ." डावी किडनी जेमतेम चालते आहे, असेच खडे होत राहिले तर ती जाईल आणि उजवीचंही सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी मी शपथ घेतली. तू थोरला आहेस, आणि त्या वेळी तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

माझ्या शिक्षणाची तू कितीही टिंगल केलीस तरी चौकशी पहिली तुझीच असते, हे वहिनीने मला सांगितलंय. "पन्नाशीला टेकला, आता दप्तर घेऊन कुठे निघालाय पंतोजी?" असं तू तिला म्हणालास म्हणे. लहानपणी रस्त्यावरची प्रत्येक पाटी मी मोठ्याने वाचायचो म्हणून तू मला ते नाव ठेवलंस, ते काही सुटलं नाही. आता दप्तराचं ऐक. वॉर्डातून लॅबमध्ये नमुने न्यायचे, रिकामं काचसामान धुवायचं, यातच माझी सगळी नोकरी गेली. तंत्रज्ञ व्हायचं तर प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेला बसायचं तर आधी कॉलेजची ठरलेली क्रेडिट्स गाठीला लागतात. क्रेडिट म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू एका वाक्यात निकाल लावलास : "म्हणजे आमच्या फेऱ्यांसारखं. माल पोचला की फेरी नावावर." अगदी तसंच. मोठ्या कॉलेजची फी ऐकून मी तर जिन्यावरूनच परत फिरलो होतो. मग लॅबमधल्याच एकीने सरकारी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाची वाट दाखवली. रसायनशास्त्र तिथे केलं. जीवशास्त्राचा लेखी भाग घरी बसून, वाचनालयातली पुस्तकं आणून केला. गणिताच्या वर्गाला तर गेलोच नाही. नुसती परीक्षा दिली तरी क्रेडिट मिळतं असं कळलं, तेव्हा आपल्या गावच्या शाळेतल्या छड्या कामी आल्या. पास झालेल्या विषयाची अर्धी फी दवाखाना परत देतो. अशा सगळ्या स्वस्तातल्या फेऱ्या मारत मारत मी शेवटच्या विषयापाशी पोचलो, आणि तो शेवटचा विषय निघाला लघवीची तपासणी, वर्ग आमच्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये. देवालाही विनोद कळतो, दादा.

आपल्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर घेवड्याच्या बीसारखं काहीतरी काढलं होतं आणि म्हणाले होते, "हे मूत्रपिंड. पाठ करा." आपण पाठ केलं. ते काय करतं हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं ती एक गाळणी असेल. घाण अडकते, चांगलं खाली जातं. तसं नाहीये. आम्हाला हा विषय शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात सांगितलं तेव्हा माझी लेखणी थांबली ती थांबलीच. अंगातलं रक्त किडनीत येतं, आणि किडनी घाण निवडत बसतच नाही. ती आधी जवळजवळ सगळंच सोडून देते. पाणी, मीठ, साखर, अंगाला लागणारं, न लागणारं, सगळं. आणि मग केसाहून बारीक नळ्यांच्या वळणांतून ते पुढे सरकत असताना, कामाची एकेक वस्तू ओळखून परत आत घेते. प्रत्येक वस्तूसाठी वेगळं दार. साखरेचं दार मिठाला चालत नाही. आपण झोपलेले असताना, भांडत असताना, तू घाटात गाडी चढवत असताना हे चालू असतं. जे परत घेतलं गेलं नाही, तेवढंच थोडंसं मी इतकी वर्षं बाटल्यांतून वाहत आलो. नाक मुरडून वाहत आलो. त्या संध्याकाळी मी घरापर्यंत चालत गेलो. बसमध्ये बसून कुणाशी काही बोलावंसं वाटेना. रस्त्याने येणारी-जाणारी माणसं बघत होतो आणि मनात येत होतं, याच्याही पोटात, तिच्याही पोटात आत्ता हे चाललंय, आणि त्यांना कुणाला पत्ता नाही.

अर्थात भारावून जाण्यात माझी फजितीही झाली. पहिल्याच प्रॅक्टिकलला मी मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला तर समोर गोलसर, चकाकणारे दाणे, आणि प्रत्येक दाण्याच्या मधोमध फुलीसारखी रेघ. इतके रेखीव की मी खुर्चीवरून उठून हातच जोडले. म्हटलं, कुणी बघणार नाही तिथेसुद्धा देवाने एवढी कारागिरी करून ठेवली आहे! बाई आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, ही तुमच्या हातमोज्यांची पावडर आहे." वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची. आठवडाभर मी दिसलो की कुणीतरी टाल्कम पावडरचा डबा पुढे करून नमस्कार करायचं. मीही हसलो, पण आत कुठेतरी लागलं. बाई मात्र मागाहून जवळ येऊन म्हणाल्या, "नमस्कार केलात त्यात काही चूक नाही. फक्त आधी तपासायचं, मग करायचा. सुंदर दिसलं की दुसरी स्लाइड लावायची." हे वाक्य मी मनात पक्कं करून ठेवलं.

आता त्या सकाळचं. बाईंचा नियम असा की दुसऱ्याचं बघायच्या आधी प्रत्येकाने स्वतःचं बघायचं, तेही सकाळचं पहिलं. म्हणून ती अंडी. आदल्या दिवशी कामाच्या गडबडीत पाणी कमी प्यायलो होतो, त्यामुळे नमुना चांगला दाट होता. यंत्रात फिरवून खाली बसलेला गाळ घेतला, थेंब काचेवर ठेवला, वर पातळ काच सरकवली आणि डोळा लावला. दादा, काय सांगू! काचेसारखे नितळ, पातळ तुकडे. प्रत्येकाला सहा बाजू, सहाही सारख्या, जणू कुणी पट्टी लावून कापलेले. काही एकटे, काही एकमेकांवर पडलेले. उजेड थोडा कमी केला की त्यांच्या कडा उमटायच्या. मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. जोडायला उचललेले हात मी खाली घेतले. हातमोजे काढले, हात धुतले, दुसरी स्लाइड लावली. तेच. तिसरी लावली. तेच. मग पुस्तक उघडलं. तिथे हेच चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, की निरोगी माणसाच्या लघवीत सापडतात त्या स्फटिकांपैकी हा नव्हे. हा दिसला की घराण्यातल्या मुतखड्याची चौकशी करावी.

तेव्हा मला तू दिसलास. अंगणात पोट धरून जमिनीवर लोळणारा, दातांत टॉवेल धरलेला. आणि तुझ्याआधी आपले वडील, भिंतीला डोकं टेकून बसलेले, "माझ्याच वाट्याला का रे देवा" म्हणणारे. ज्याने तुम्हा दोघांना असं पिळून काढलं, बहुधा त्याचंच रूप मी एवढा वेळ बघत होतो, आणि ते मला सुंदर वाटलं होतं. ही गोष्ट मला अजून नीट पेलवत नाही. तेच सुबक तुकडे आत साचून खडा होतात आणि माणसाला गुरासारखं ओरडायला लावतात. देवाला विचारलं, हे कसं? एवढं एक कळलं. ज्यात अशी मोजून काढल्यासारखी शिस्त आहे ती शिक्षा असणार नाही. शिक्षा देणारा एवढं नेटकं काम करत बसत नाही.

मी बाईंना बोलावलं. पावडरची थट्टा अजून ताजी होती, तरी बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि स्वतः एक रसायन घेऊन आल्या. ते विषारी असतं म्हणून मला लांब उभं केलं. थेंब पडताच नळीतल्या माझ्या नमुन्यात जांभळट लाल रंग पसरला. मग म्हणाल्या, "काका, तुमची नजर बरोबर आहे." त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. शरीरात एक पदार्थ असतो, गंधक असलेला. किडनीने तोही सोडून मग परत घ्यायचा असतो. काही घराण्यांत नेमकं त्याचंच दार अर्धवट लागतं. बाकी सगळं व्यवस्थित, फक्त ती एक वस्तू परत घेतली जात नाही. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर खडे होतात. एकाकडूनच आला तर माझ्यासारखं, थोडेसे स्फटिक आणि त्रास काही नाही. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की माझ्या नमुन्यावरून दुसऱ्या कुणाचं निदान होत नाही, ते डॉक्टरांनी त्या माणसाला तपासूनच करायचं. पण तसं निघालं तर उपाय आहे. भरपूर पाणी, इतकं की रात्रीही मध्ये उठून प्यावं, मीठ कमी, आणि लघवी आंबट राहू नये म्हणून औषध. आणि तू, रस्त्यात थांबावं लागू नये म्हणून दिवसभर घशाखाली पाणी उतरू देत नाहीस! दर खेपेला गाडी जिथे असेल तिथला दवाखाना, तिथलं ऑपरेशन, खडा निघाला की पुन्हा रस्ता. हे सगळं एका जागी मांडून बघायची संधीच कुणाला मिळाली नाही. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला मुतखडा होतो का?" आणि मी, दादा, तुला दिलेल्या शब्दापायी म्हणालो, "विचारून सांगतो."

ते "विचारून सांगतो" मी जवळजवळ महिनाभर वागवलं. जेवताना वागवलं, काचा धुताना वागवलं. मध्यंतरी वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, तू गाडी कडेला लावून स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसला होतास, क्लीनरने गाडी घरापर्यंत आणली, आणि "भावजींना सांगू नका म्हणालेत, पण मी सांगतेय." बघ, तिला तुझा शब्द मोडता आला. परवा माझ्या शेवटच्या विषयाची क्रेडिट्स जमा झाली. आता मी प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू शकतो. लॅबमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटली, पोरांनी चहा पाजला. मी हसत होतो, आणि मनात एवढंच येत होतं, की ज्याच्यासाठी ही नजर उपयोगी पडावी तो माणूस गोळ्या खाऊन गाडी हाकतोय आणि मी शब्दाला जागतोय. शब्द पाळणं पुण्याचं, असं मी आजवर धरून चाललो. या खेपेला त्या पुण्याची किंमत तू भरत होतास.

आता पत्र लिहायचं खरं कारण सांगतो. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्याकडच्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या खोलीतून मी रोज नमुने नेतो, पण समोरच्या खुर्चीत काल पहिल्यांदा बसलो. त्यांनी विचारलं, "कुणासाठी आलात?" मी तुझं नाव सांगितलं. वय सांगितलं. वडिलांचं दुखणं, तुझी ऑपरेशनं, डावी किडनी, स्टीअरिंगवर टेकलेलं डोकं, काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या सोमवारची वेळ दिली. वहिनीला मी फोन केलाय, ती तुझे जुने एक्स-रे आणि रिपोर्ट बांधून ठेवते आहे. रविवारी मी तुला न्यायला येतोय. रागवायचं असेल तर वाटेत रागव, रस्ता लांब आहे, मी ऐकून घेईन. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास. शपथ मोडली, दादा. मोडून आलो आहे.

तुझाच,
पंतोजी