वरच्या वाडीचं परराष्ट्र धोरण

४ जुलै
टीव्हीवर युरोपचं ऐकतो तेव्हा आमची सावडच आठवते. पाच घरं, आळीपाळीनं एकमेकांच्या भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायची. गटात एक मोठं राष्ट्र लागतंच. ते चिमाजी, कारण पॉवर टिलर त्याचा. पण धोरण आखायला डोकं लागतं. ते माझं.
खालच्या वाडीनं यंदा स्वतःचा टिलर आणला. चिमाजीचं तिथलं भाडं बुडालं. तो म्हणाला, संबंध तोडा. सगळे हो म्हणाले. मी या निर्णयाला स्वाभिमानाचा पाया दिला आणि दोन्ही वाड्यांच्या ग्रुपवर खालच्या वाडीशी व्यवहारबंदीचा मेसेज टाकला. खाली नाव: गोरख, सेक्रेटरी.
बायकोचं, रत्नाचं माहेर खालच्या वाडीत. आज चहात साखर नव्हती. मोठ्या निर्णयांत घरचे नाराज होणारच.

६ जुलै
चिखलणी चिमाजीच्या खाचरापासून सुरू. माझं रोप आधी तयार झालंय, असं सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "सेक्रेटरीनं शेवटी घ्यावं, राव. चार लोकांत चांगलं दिसतं." मुद्दा पटला.

९ जुलै
नवसूचा, म्हणजे मेव्हण्याचा फोन. "दाजी, आमचा टिलर मोकळा हाये. येऊ का?" त्याला धोरण समजावून सांगितलं. बरं म्हणाला. मी भावनेला बळी पडलो नाही.

११ जुलै
रोप जून होत चाललंय. वर्षाचा तांदूळ याच खाचरांतला. भीती वाटते.
त्यात चिमाजीचा टिलर अर्ध्या रानात बंद पडला. गिअर गेला. पार्ट जुन्नरला नाही, पुण्याहून येणार. उद्या बैठक घेऊन सर्वांना धीर द्यायचा.

१२ जुलै
बैठकीला कोणी नाही. सगळे चिमाजीच्या खाचरात. तिथं खालच्या वाडीचा टिलर चालू, आणि टिलरमागे नवसू!
चिमाजीला बंदीचं विचारलं. "आरं, शेजाऱ्याशी कुठं वाकडं धरत्यात व्हय?" सगळे हो म्हणाले. त्या दिवशीही सगळे हो म्हणाले होते.
निदान मी तरी तत्त्वाला धरून राहायचं ठरवलं. संध्याकाळपर्यंत राहिलो.

१३ जुलै
नवसूकडे गेलो. त्यानं पाणी दिलं, बसा म्हणाला. टिलर मागितला. "माझ्या हातात काय नाय, दाजी. आता दोनी वाड्यांचा नंबर चिमाजीभाऊच लावत्यात."
तसाच चिमाजीकडे. "तुझा नंबर कवाच लावला असता रं. पण खालची वाडी लई दुखावलीय. मेसेजखाली नाव कुणाचं व्हतं?"
घरी येताना मेसेज उघडून पाहिला. खाली नाव माझंच.

१५ जुलै
रोपाचे शेंडे पिवळे पडले. रत्ना सकाळीच नवसूच्या आवणीला गेली होती. चिखलानं भरलेल्या पायांनी परत आली, ती थेट माळ्यावर चढली. दोन कुदळी काढून ओसरीवर ठेवल्या.
म्हणाली, "उद्या दोघं मिळून जमल तेवढं लावू. फकस्त तुमी कायबी ठरवायचं नाय."
मी हो म्हणालो.