बूच काढायचं भरवशाचं यंत्र

भिंगार, गुरुवार

आदरणीय आक्काआत्यांना रेश्माचा वाकून नमस्कार, आतोबांनाही.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहिण्याची रीत आहे. पण तपासल्याशिवाय काही सांगू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून आधी घरभर विचारून आले. आईचे गुडघे दुखतात. दादांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसरा पुढच्या महिन्यात. तेव्हा इकडे बहुतेक जण बऱ्यापैकी खुशाल आहेत. तुमच्या पाठीची आणि निफाडच्या द्राक्षांची खबर कळवावी. दोन्ही एकाच हंगामात धरतात हे माझ्या लक्षात आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की दादांना ऐकू जातं. डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन त्यांना धुळीपासून लांब, आपल्या भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसवलंय. "मला आता काही दिसत नाही" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पण कान असे झालेत की मी बाहेर तांब्या वाजवला की आतून आवाज येतो, "हलका आहे, देऊ नको." गिऱ्हाईक तांब्या ठेवून निघून जातं. तरी दादांनी शब्द दिलाय, की दुसऱ्या डोळ्यापर्यंत एकही तक्रार न येता मी दुकान चालवलं, तर दुकान माझं. नाहीतर काकांचा कल्याण तिथे मोबाईलची कव्हरं लावणार. (तो परवा टेप घेऊन भिंत मोजून गेला. मी त्याला चहा दिला, बिस्किट दिलं नाही. हे चुकलं का?)

आता मुद्दा. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला याच दुकानात, भांड्यांवर कोरलेल्या नावांवरून वाचायला शिकवलंत. अ-आ-इच्या आधी मला 'सप्रेम भेट' वाचता येत होतं. तेव्हाच तुम्ही दोन नियम शिकवलेत. एक, गिऱ्हाइकासमोर वाजवून आणि पाणी भरून दाखवल्याशिवाय भांडं द्यायचं नाही. दोन, वापरलेली वस्तू नवी म्हणून विकायची नाही. आजवर या दोन नियमांचं आपसात कधी भांडण झालं नव्हतं. ते लावून दिलं मेजर ठुबेंनी. (आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, पण हे खरोखरचे मेजर आहेत.)

त्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस महिनाअखेरीला आहे. मुलीने त्यासाठी वाइनची बाटली पाठवलीय, तुमच्याच निफाडकडची. त्यांच्या जुन्या यंत्राने मागच्या खेपेला बुचाचा भुगा केला आणि पाहुण्यांना वाइन गाळणीतून प्यावी लागली. म्हणून ते आले आणि म्हणाले, "बेटा, बूच काढायचं भरवशाचं यंत्र दे. तुमच्या दुकानाचा भरवसा आहे म्हणून आलो." आत्या, 'भरवशाचं'ऐवजी त्यांनी नुसतं 'चांगलं' म्हटलं असतं तर मी शांत झोपले असते.

मी ठोक व्यापाऱ्याकडून तीन जाती मागवल्या. पहिली नुसती लाकडी मूठ आणि खाली पीळ. ही वापरायला बाटली गुडघ्यांत धरून ओढावं लागतं, म्हणजे माझ्यासारखीने दुकानात बसून करण्यासारखं ते नाही. दुसरीला दोन हात असतात. पीळ आत जाऊ लागला की ते हळूहळू वर होतात, जणू पोलिसांनी पकडलंय. तिसरी चाकूसारखी घडीची, तिला बाटलीच्या तोंडावर टेकवायला दोन पायऱ्यांचा आधार. पण घरात वाइन नाही, बूच नाही, आणि आपल्या सात पिढ्यांत कुणी बाटली उघडलेली नाही. तपासायचं कशावर? मी दुधी भोपळा घेतला.

गहिनीनाथला (दुकानातला आमचा जुना माणूस) भोपळा धरायला सांगितलं. तो दोन पावलं मागे सरकला. "ताई, मी न्हाई हात लावनार. माळ हाय गळ्यात." मी म्हटलं, अहो, हा भोपळा आहे. तो म्हणाला, "भोपळ्याला काय कळतंय, पन यंत्राची नियत मला दिसतीय." शेवटी मीच धरला. दोन हातांच्या यंत्राचा पीळ भरीव निघाला, ड्रिलसारखा. त्याने भोपळ्याचा मधला गर सगळा उकरून काढला, आणि मला मेजरसाहेबांच्या गाळणीचं कोडं उलगडलं. घडीच्या यंत्राचा पीळ मात्र तारेचा, मधे मोकळा, आगकाडी आत जाईल असा. तो भोपळ्यात गेला आणि जसाच्या तसा बाहेर आला. तेवढ्यात शेजारच्या बायडाबाई तिथे उभ्या. "अगं, भरल्या दुधीला लई झ्याक हाय की हे. ते हात वर करनारं मला दे." मी सांगितलं, हे दारूच्या बाटलीचं आहे आणि वापरलेलं आहे. त्या म्हणाल्या, "माजा नवराबी तसलाच हाय, वापरतेच न्हवं." आणि घेऊन गेल्या. आता गल्लीत चौघींच्या घरी भरला दुधी आहे आणि मला रोज वाटी येते.

पण भोपळा म्हणजे बूच नव्हे. मी मेजरसाहेबांना नियम सांगितला, की गिऱ्हाइकासमोर तपासल्याशिवाय देता येणार नाही. मला वाटलं, ते रागावून दुसरीकडे जातील आणि मी सुटेन. पण फौजी माणूस, नियम म्हटल्यावर त्यांनी पाठ ताठ केली. "ट्रायल म्हणजे ट्रायल," म्हणाले, आणि काल तीच वाढदिवसाची बाटली घेऊन हजर. मी पीळ फिरवला, पहिली पायरी टेकवली, दुसरी टेकवली. बूच अखंड बाहेर आलं आणि असा गोल, भरलेला आवाज झाला की दुकानातल्या परातीसुद्धा गप्प झाल्या.

आतून दादा म्हणाले, "कोणतं भांडं गं ते?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं सांगायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, "दादा, काच आहे."

"आपण काच कधीपासून ठेवायला लागलो?" आणि मग, "आवाज सुरेख आहे. पुन्हा वाजव."

पुन्हा कसं वाजवणार? बूच फुगलं, परत जाईना. मेजरसाहेब बाटलीकडे बघत होते. वाढदिवस महिनाअखेरीला, उघडलेली वाइन तोवर टिकत नाही. गहिनीनाथने लांबूनच, रॉकेलच्या बाटलीला लावतात तसा, मक्याच्या वाळल्या कणसाचा तुकडा फेकला, तो मी बाटलीच्या तोंडात बसवला. मग मी यंत्र पुढे केलं आणि ते माझ्याच हातात थांबलं, कारण आधी भोपळा आणि आता बाटली, म्हणजे ते वापरलेलं होतं. कोरं यंत्र तपासलेलं नाही, तपासलेलं यंत्र कोरं नाही. मेजरसाहेब म्हणाले, "बेटा, तू सैन्यात जायला हवं होतंस. युद्धच झालं नसतं." आणि बाटली काउंटरवर ठेवून, काहीही न घेता गेले. तक्रार केली नाही, पण करणारही नाही असं म्हणाले नाहीत.

मी रात्रभर विचार केला. तुम्ही फक्त एवढंच कळवा, की दोन नियमांत थोरला कोणता. बाकी काही मागणं नाही. पाठीला शेक घ्यावा, आणि माझ्या काळजीची काळजी करू नये.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
रेश्मा

ता. क. बाकी काही मागणं नाही हे खरं नाही, म्हणून दुरुस्त करते. आतोबा ज्या वाइनवाल्यांना द्राक्षं घालतात, त्यांच्याकडे तशीच बाटली मिळेल का? लाल, बुचाची. महिनाअखेरीच्या आत कुणी इकडे येणार असेल तर पाठवा. मेजरसाहेबांची भरपाई झाली की तक्रार उरणार नाही. दादांना कळू देऊ नका.

ता. क. २. आक्का, हे मी लिहितोय, हस्ताक्षर ओळखशीलच. पत्र काउंटरवर वाळत होतं. डोळा मंगळवारपासूनच स्वच्छ दिसतोय. पोरीला सांगितलं नाही, कारण आपण बघतोय हे कळलं की माणूस नीट वागतं, मग तपासणी कसली? मेजरसाहेबांना यंत्र 'तपासलेलं' अशी चिठ्ठी बांधून सकाळीच पोचवलं. ते खूश आहेत. दुकान रेश्माचं. कल्याणला टेप परत न्यायला सांगितलंय, इथेच विसरला होता. बाटलीचं मात्र बघ. आणि एक नको, दोन पाठव. पहिली आली की ही पोरगी ती मेजरसाहेबांसमोर उघडून दाखवल्याशिवाय त्यांना देणार नाही. मलाही तो आवाज पुन्हा ऐकायचाय.