झोपलेली दोन बोटं

बानी, १९ जानेवारी

प्रिय फाउस्तो,

चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला कुणी पत्र लिहितं का, म्हणून हसशील. हस. पण समोर बसलो की तू थट्टा सुरू करतोस, मिलाग्रोसवहिनी तळलेली केळी आणून ठेवते, आणि ओठांवर आलेलं पुन्हा घशाखाली जातं. गेले नऊ दिवस हेच चाललंय. म्हणून आज कागद घेतला.

इकडची खबर म्हणजे आमच्या शेळीनं काल शेजारच्या तातिकाबाईची ओव्याची सगळी रोपं फस्त केली. तातिका दारात येऊन ओरडली, "तुझी शेळी आता आपोआप मसाला लावलेली झाली, कापायचीच बाकी आहे!" तू असतास तर लोळला असतास. दुपारी चेपे न्हाव्याकडे गेलो होतो. तिथे अजून तुझाच विषय. परवा त्यानं तुला भर दुकानात विचारलं होतं, "काय रे, नवरीसारखा नटून कुणाच्या निरोपाची वाट बघतोयस? फोन चार्ज तरी केलायस ना?" आणि तू म्हणालास, "म्हाताऱ्या कोंबडीचाच रस्सा दाट होतो, विचार तुझ्या बायकोला." सगळे खदखदून हसले. मीही हसलो. पण हसता हसता तुझा हात शर्टाच्या खिशातल्या फोनकडे गेला, तो मी बघितला. बेसबॉलच्या मैदानात तू पिचर, मी कॅचर, एकवीस वर्षं तुझे चेंडू झेललेत मी. तुझा हात कुठे जातो ते मला बघावं लागत नाही, दिसतं.

ऑक्टोबर संपता संपता तुझा करार संपला आणि तू मोकळा झालास. मोकळा हा शब्द पंचविशीत किती गोड लागायचा, आठवतं? तेव्हा सहा सहा क्लब मागे लागायचे. यंदा नोव्हेंबरात तुझा एजंट म्हणाला, बाजार थंड आहे, धीर धर. डिसेंबरात म्हणाला, नाताळ होऊ दे. आता टीव्हीवर रोज पोराटोरांचे करार झळकतात आणि तू आवाज बंद करून नुसती चित्रं बघतोस. वहिनी परवा स्वयंपाकघरात माझ्याजवळ म्हणाली, "भाऊजी, हा माणूस आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जातो." मला मागच्या वर्षी कुणी फोन केलाच नाही, त्यामुळे माझा निकाल लवकर लागला. तुला मात्र कुणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

तुला एक गोष्ट कधी बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी मॅनेजरनं तुला खोलीत बोलावून विचारलं होतं, एलादिओचे गुडघे गेलेत का. तू सांगितलंस, "माझ्यापेक्षा बरे आहेत. माझे चेंडू तोच झेलेल, नाहीतर दुसरा पिचर बघा." तू हे माझ्यापासून लपवलंस, पण मला कळलं होतं. त्या खोट्यावर मी दोन मोसम जास्त खेळलो. त्याच दोन मोसमांत उरलेले गुडघे गेले. आता चर्चमध्ये मला गुडघे टेकता येत नाहीत, मी उभाच राहतो. पाद्रीबाबांना वाटतं, मोठ्या लीगमध्ये खेळून आल्यापासून याला गर्व चढलाय. तुझ्यावर राग नाही रे. तुझ्या जागी मीही तेच बोललो असतो. पण कधी कधी तिथे उभा असताना मनात येतं, की त्या दिवशी तू खरं बोलला असतास, तर मी दोन वर्षं तुझं तोंड बघितलं नसतं आणि पुढची तीस वर्षं नीट चाललो असतो.

दोन महिन्यांपूर्वीचा योकास्ताचा पंधरावा वाढदिवस मी विसरू शकत नाही. केवढी गोड दिसत होती माझी धर्मकन्या! भर दुपारी सगळं गणगोत गोल करून उभं, आणि तू रिवाजाप्रमाणे तिच्या पायातले सपाट जोडे काढून पहिल्यांदा उंच टाचेचे चढवायला बसलास. बक्कल काही लागेना. लोकांना वाटलं, बापाचे डोळे भरून आलेत. मी तुझ्या शेजारी फतकल मारली, पट्टा ओढून बक्कल लावलं आणि मोठ्यानं म्हणालो, "लाखो लोकांसमोर चेंडू टाकणाऱ्याला लेकीचा बूट जमेना!" टाळ्या पडल्या. तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, "जाड्या, ऑगस्टपासून ही दोन बोटं झोपलीयत, टोचलं तरी कळत नाही. कुणाला बोललास तर याद राख." मी मान हलवली. शब्द दिला.

त्यानंतरही आपण रोज सकाळी मिठागरांच्या वाटेवरच्या मैदानात जात राहिलो. मी उपड्या बादलीवर बसून झेलायचो, तू टाकायचास. तुझा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात वळायचा, म्हणून तर तुझं नाव झालं. आता तो सरळ येतो. एकदा तर हातातून सुटून माझ्या डोक्यावरून कुंपणात गेला आणि तू बोटांकडे असा बघत राहिलास, की जणू ती दुसऱ्याची आहेत. मग म्हणालास, "वारा फार आहे." पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "हो, फारच आहे."

फाउस्तो, तू मला रोज विचारतोस, की खेळाडू निवडणाऱ्या त्या डेनिंगसाहेबांचा क्लब करारापर्यंत येऊन एकाएकी गप्प का झाला. तो माझ्यामुळे गप्प झाला. दहा तारखेला डेनिंगनं मला फोन केला. आधी म्हणाला, आमच्या तरुण पिचरांना शिकवायला ये. आणि मग विचारलं, "तू हिवाळाभर फाउस्तोला झेलतोयस. त्याचा हात कसा आहे?" चांगला आहे म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "त्याला घेऊ नका. त्याला डॉक्टरकडे पाठवा." बोटांचं सांगितलं नाही, पण एवढ्यानं शब्द मोडायचा तो मोडलाच. दोन दिवसांनी मी त्या नोकरीला होकारही दिला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण तुला तसं वाटलं तर तुझी चूक नाही, कारण मलाही रोज सकाळी उठल्यावर तसंच वाटतं. मी फेब्रुवारीत जाणार. हे तुला न्हाव्याच्या दुकानात कळू नये, म्हणून हे पत्र. सांतो दोमिंगोत हातांच्या नसांचा एक चांगला डॉक्टर आहे. तू म्हणशील त्या दिवशी गाडी काढतो, रस्ताभर शिव्या दे. काल तू सांगितलंस, की दुसऱ्या एका क्लबानं कराराशिवाय नुसतं सरावाला बोलावलंय. तुला जायचं असेल तर जा, तो निर्णय तुझा. त्यांनी मला फोन केला, तर या वेळी उत्तर देण्याआधी मी तुझ्या दारात येईन. पण खोटं बोलायला येणार नाही.

तू तोंड फिरवलंस तरी तुझाच,
एलादिओ